शेजारच्या दारावर

आरोग्य अधिकारी गँट्झ शेजारच्या दारावर लाल पाटी ठोकत होते, आणि लव्हिनिया थॉर्प दुधाची बादली हातात धरून गोठ्याच्या दारात उभी होती. प्रत्येक घावासरशी तिची मान खाली जात होती.

पाटीवर ठसठशीत अक्षरं होती : लाल ताप. आत जाऊ नये, बाहेर येऊ नये.

"तरी म्हटलं, सुरुवात तुमच्याच घरापासून होणार," गँट्झ झुझानाला म्हणाले. "परदेशातून यायचं, एका खोलीत सहाजणांनी झोपायचं, आणि वर गावाला आजार वाटायचा. हात तरी धूत जा, बाई."

खाणकामगाराची बायको झुझाना उंबऱ्यातच उभी होती. कडेवरच्या यांकोचं तापलेलं डोकं तिनं खांद्याशी दाबून धरलं.

गँट्झनी वळून टोपीला हात लावला. "थॉर्पबाई, तुम्ही सांभाळा हं. लेकुरवाळं घर तुमचं. रूथ कशी आहे?"

"बरी आहे," लव्हिनिया म्हणाली. "झोपलीय."

तिची लेक झोपलेलीच होती. माळ्यावरच्या खोलीत, खिडकीला घोंगडी लावून. मागच्या आठवड्यात तिच्या अंगभर पुरळ उठलं होतं. आता तळहातांची सालं निघत होती. डॉक्टरला बोलावलं असतं तर ही पाटी इथं लागली असती, आणि पाटीच्या घरचं दूध कोण घेणार? एका गाईवर चाललेलं विधवेचं घर. 'देवा, एवढे दिवस झाकून ने,' असं ती रोज गुडघे टेकून मागत होती. मग रूथचं अंग पुसायची आणि त्याच हातांनी धार काढायला बसायची. धार काढली की पहिलं माप यांकोचं.

देवानं झाकलं होतं. असं झाकलेलं मात्र तिनं मागितलं नव्हतं.

गँट्झची बग्गी वळणाआड गेली. मुलाला आत निजवून झुझाना भांडं घेऊन कुंपणापाशी आली. राखेनं घासून कढत पाण्यानं विसळलेल्या भांड्यातून अजून वाफ निघत होती. ते कुंपणाच्या खांबावर ठेवून ती चार पावलं मागं सरली.

"जवळ येऊ नका हं, थॉर्पबाई. वरूनच ओता. तुमच्या घरात पोर आहे." मग हळूच म्हणाली, "त्याच्या घशाखाली दुसरं काही उतरत नाही हो, नाहीतर आज मागितलं नसतं."

लव्हिनियानं बादली उचलली. बादलीची कड भांड्याला लागून खणकन वाजली.

"झुझाना, अगं, हे दूध..."

यांको आत कण्हत होता. लव्हिनियानं बादली मागं ओढली आणि तिथंच मातीत उपडी केली.

दुधाचा ओघळ कुंपणाखालून झुझानाच्या पायांपाशी आला. ती आधी त्याच्याकडे, मग खांबावरच्या भांड्याकडे बघत राहिली. कानांपर्यंत लाल झाली. पुढं होऊन तिनं भांडं झटकन उचललं आणि एप्रनखाली लपवलं.

"चुकलं माझं, बाई," ती म्हणाली. "माझं भांडं शिवलं. सगळं दूध वाया गेलं तुमचं."