कॉफीमावशीचा नंबर

चौथ्यांदाही तीच बाई बोलली. गोड आवाजात, भरभर, आणि मुलीला एक अक्षर कळणार नाही अशा भाषेत. मग टूं-टूं. मुलीने रिसीव्हर ठेवला आणि आईची वही पुन्हा डोळ्यांजवळ नेली. आधी दोन शून्यं, मग कोस्टा रिकाचा पाच-शून्य-सहा, मग सात आकडे. अक्षर आईचं, त्यामुळे तीन आहे की आठ असा घोळ व्हायची सोयच नव्हती.

महिन्याचा पहिला रविवार, आईच्या फोनचा. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. म्हणजे तिकडे सकाळ, आणि कॉफीमावशी फोनशेजारी खुर्ची ओढून बसलेली असणार. ती आईची शाळेपासूनची मैत्रीण. लग्न करून कॉफीच्या मळ्यांच्या त्या देशात गेली. नवरा वारला, मुलं तिकडचीच झाली. आता तिच्याशी आपल्या भाषेत बोलणारं आईशिवाय कोणी उरलं नव्हतं. मोबाइलचं तिला वावडं. आई जाऊन सोळा दिवस झाले होते, सगळ्यांना कळवून झालं होतं. एक तिलाच कळवायचं राहिलं होतं.

पाचव्यांदा नंबर लावला. पुन्हा ती बाई.

"एक कमी पडतोय," पलीकडच्या खोलीतून बाबा म्हणाले.

ते पलंगावर पाय लांब करून बसले होते, पेपर तोंडासमोर. पेपर न हलवताच बोलले.

"काय कमी पडतोय?"

"आकडा. तुझी आई लावायची तेव्हा तेरा आवाज यायचे. तुझे बाराच येतात."

"तुम्ही मोजत होतात?"

"भिंत पातळ आहे." मग जरा वेळाने, "मध्ये तिकडचे नंबर बदलले होते. रडकुंडीला आली होती तेव्हा. मग कोणीतरी सांगितलं, अमुक आकडा आधी लावा. वहीत घातला नसेल. तिला काय, बोटांना पाठ."

"कुठला आकडा, बाबा?"

"ते मला काय माहीत? मी काय बघायला जात होतो?" पेपर खाली आला. "वाजवून दाखव."

तिने एकापासून नवापर्यंत एकेक बटण दाबलं. बाबांनी डोळे मिटले होते, मान किंचित तिरकी.

"परत. सावकाश."

तिने परत दाबली.

"दुसरा. नाही, थांब… हो, दुसराच. सहानंतर लगेच. तिथे जरा श्वास घ्यायची ती, मग पुढचे सात एका दमात."

दोन शून्यं. पाच, शून्य, सहा. दोन. मुलगीही तिथे जरा थांबली. मग पुढचे सात.

पहिली घंटा पुरती वाजलीही नाही.

"काय ग भवाने! अर्धा तास ताटकळत ठेवलंस. कॉफी गार झाली माझी."

"मावशी, मी बोलतेय. तिची मुलगी."

"अगबाई, तू होय! आवाज अगदी तिचा. आणि ती कुठे उलथलीय?"

मुलीने वहीवर तळहात दाबून धरला. "मावशी, आई गेली. सोळा दिवस झाले."

पलीकडे कुठलासा पक्षी ओरडत होता. बराच वेळ तोच ऐकू येत राहिला.

"झोपेत?"

"हो."

"बरं झालं."

पुन्हा पक्षी. मग तोही थांबला. लाइन तुटली की काय असं वाटून मुलगी म्हणाली, "मावशी?"

"आहे ग." नाक ओढल्याचा आवाज आला. "एक विचारू? वेडी म्हणशील मला."

"विचारा ना."

"तुमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचं काय झालं?"

"कुठले मास्तर?"

"अग, ते नाही का, रोज एक बटण तुटलेला शर्ट घेऊन खालच्या शिवणकामवाल्या बाईंकडे जातात? त्या बाईंनी म्हणे शेवटी त्यांना सुनावलं. काय सुनावलं ते पुढच्या वेळी सांगते म्हणाली तुझी आई, आणि दिला ठेवून फोन. महिना काढलाय मी त्याच्यावर."

मुलीला मास्तर माहीत नव्हते, बाईही नाही. ती लांब राहायची, दोन दिवसांसाठी यायची. "मला नाही ठाऊक, मावशी," ती म्हणाली.

"असू दे. असू दे ग. आपलं उगीच विचारलं."

काठीचा आवाज झाला. बाबा दारात उभे होते. कॉफीमावशीशी ते तीस वर्षांत "देतो हं" यापलीकडे एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी हात पुढे केला.

"मला दे. मला माहितीय," ते हळूच म्हणाले. "फोनवर सांगायच्या आधी तालीम माझ्यावरच व्हायची."

आईच्या खुर्चीत ते जपून बसले. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"मी बोलतोय. तिचा नवरा… हो… हो. खाल्लं, दुपारी खाल्लं… ऐका. तर त्या बाई मास्तरांना म्हणाल्या, रोज एकेक बटण तोडून आणण्यापेक्षा एकदाच सगळी तोडून आणा की. निदान संध्याकाळभर बसता तरी येईल."

पलीकडून असं हसू फुटलं की बाबांना रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. हसू चालू राहिलं, मग ते हसू राहिलं नाही. बाबा रिसीव्हर पुन्हा कानाला लावून, काठी गुडघ्यांत धरून, ऐकत राहिले.

मग पलीकडून बारीक आवाज आला. तो मुलीलाही ऐकू गेला. "आणि मास्तर? मास्तर काय म्हणाले?"

बाबांनी तोंड उघडलं. मुलीकडे पाहिलं, मग कोऱ्या भिंतीकडे.

"ते आता पुढच्या महिन्यात," ते म्हणाले. "मी करीन फोन."