मारबतीच्या पोटातल्या बिड्या

"पेटवा, यशवंतभाऊ! पयला मान तुमचा!" समितीचा म्होरक्या अच्युत ओरडला आणि समितीनं टाळ्या पिटल्या.

मैदानाच्या मधोमध बांबूची, पळसाच्या पानांची मारबत उभी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सारी रोगराई या बाईच्या माथी मारायची आणि तिला जाळून टाकायची, ही विदर्भातून आलेल्या रेल्वेवाल्यांनी रायपूरच्या गुढियारीत टिकवलेली रीत. पण रायपूर राजधानी झाल्यापासून इथं कोणाला शिंक आली तरी समिती निघते. या गल्लीतही व्यसनमुक्ती सहयोग समिती निघाली, आणि यंदा तिनं अक्कल लढवली की साऱ्या पेन्शनरांनी आपापल्या उरल्यासुरल्या बिड्या मारबतीच्या पोटात कोंबायच्या. बायकांच्या देखत, शपथ घेऊन.

यशवंतरावांना हा तमाशा नको होता. त्यांनी बिडी केव्हाच सोडली होती, आणि ती नातीसाठी. पोरीची छाती जन्मापासून नाजूक. डॉक्टर म्हणाले, घरात धूर नको. आणि सून निधीनं सरळ सांगून टाकलं की कपड्यांना वास येतो तोवर बाळ हातात मिळणार नाही. आज मिळणार होतं. सकाळीच ती कबूल झाली होती. म्हातारा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसला होता, तेवढ्यात ही वरात दारात आली आणि त्याला हाताला धरून घेऊन गेली. सहयोग म्हणे!

"माचीस कोनापाशी हाय?" यशवंतरावांनी विचारलं.

शेजारच्या श्यामरावाचा हात आपसूक बंडीच्या आतल्या खिशात गेला आणि माचीस बाहेर आली. शपथ घेतलेल्या माणसाच्या खिशात माचीस कशाला, हे कोणीच विचारलं नाही. "खोकला-खासी घेऊन जा गे मारबत!" असा गलका चालला होता. यशवंतरावांनी काडी ओढली, पानं पेटली, आणि माचीस त्यांनी आपल्याच खिशात टाकली. बिडी सुटते हो, पण दुसऱ्याची माचीस खिशात घालायची खोड काही सुटत नाही.

मग मारबतीचं पोट पेटलं. एवढ्या बिड्या एकदम जळल्या तर काय होईल, हा विचार समितीच्या डोक्यात शिरलाच नव्हता. दाट धूर वाऱ्यानं एका अंगाला वळला आणि बघता बघता अख्खी समिती त्या अंगाला सरकली. डोळे मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या. श्यामराव तर आरतीला उभा राहावा तसा हात जोडून उभा.

"काय पवित्र वाटून राहिलं!" अच्युत पुटपुटला.

यशवंतराव मागे फिरले, तर साऱ्यांनी मिळून त्यांना परत धुरात ढकललं. "कुठं चालले भाऊ? तुमीच तर आजचे सत्कारमूर्ती!"

ते कसेबसे निसटले. घर मैदानाच्या कडेलाच होतं. फाटकात निधी बाळाला छातीशी धरून उभी होती. यशवंतरावांनी हात पुढे केले, आणि तिनं नाक मुरडून बाळ मागे घेतलं.

"बाबूजी, आपने बीड़ी पी है।"

"नाई वो बेटा. तो मारबतीचा धूर हाय."

"और ये?" सदऱ्याच्या खिशातून माचीस डोकावत होती.

"माही नाई ते. या श्यामची हाय." समिती बायकांसकट मागोमाग आलीच होती. यशवंतराव वळले. "सांग ना बे, श्याम्या!"

सगळे श्यामरावाकडे पाहू लागले. त्याची बायको विजयाही पाहू लागली, कमरेवर हात ठेवून. नवऱ्यानं बिडी सोडली म्हणून या बाईनं गल्लीभर पेढे वाटले होते. श्यामरावानं आधी आभाळाकडे पाहिलं, मग चपलांकडे.

"होते चूक मानसाची, भाऊ," तो म्हणाला. "घाबरू नका. आमी आहोच तुमच्या पाठीशी."

"एकदा घसरले म्हनून काय झालं?" अच्युतनं पुस्ती जोडली. "समिती पुन्हा प्रोत्साहन देईन!"

पुन्हा टाळ्या. निलाजरे कुठले! निधीनं दार लावून घेतलं.

समिती पांगली. यशवंतराव पायरीवर बसून राहिले. आत बाळ कुरकुरत होतं आणि ते ऐकून त्यांचा जीव तिळतिळ तुटत होता. एवढा जीव तर बिडीसाठीही कधी तुटला नव्हता.

थोड्या वेळानं कुंपणापाशी कोणीतरी खाकरलं. श्यामराव. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"रागावले का भाऊ?" तो अगदी हळू बोलत होता. "आता विजयासमोर कसा बोलू मी, तुमीच सांगा. घरात ठेवन का मले ते? बरं, ते माहीवाली माचीस द्या ना. मालगोदामामागं सारे थांबून राहिले."

यशवंतराव काही बोलण्याआधीच त्यांच्या डोक्यावरची खिडकी उघडली.

"काकाजी," निधी खणखणीत आवाजात म्हणाली, "ज़रा ज़ोर से बोलिए ना। काकी को सुनाई नहीं दिया।"

शेजारच्या ओट्यावर विजया तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर खोचला.

तिकडं काय झालं ते पाहायला यशवंतराव थांबलेच नाहीत. ते अंगणातल्या नळाशी गेले, माचिशीसकट सदरा बादलीत बुडवला, आणि साबण घेऊन कोपरापर्यंत हात घासू लागले.