चर्चच्या सुपाची पिशवी

"हाडांना एवढी बारीक जाळी कशाला रे?" युनिसने विचारलं.

कापडाच्या दुकानात, पडद्यांच्या कापडांपाशी ती उभी होती. पर्समधून तिने एक पुडी काढली. पुडीत तांदळाची कणी. चिमूट चिमूट कणी ती एकेका जाळीवर टाकून बघत होती. गळली की तोंड वाकडं करून पुढची जाळी. दुकानातली मुलगी बघतच राहिली. बाहेर कॅनडातली उणे बारा अंशांची थंडी होती आणि युनिसचा मुलगा लेस्टर घामाघूम झाला होता.

"मसाला गळायला नको ना, मम्मी. चर्चमध्ये पॅरिशचं डिनर आहे, दोनशे माणसांचं सूप. हाडं, मिरी, लवंगा सगळं एका पिशवीत घालायचं. मग पिशवीच उचलायची."

"अस्सं," युनिस म्हणाली आणि पाचव्या जाळीवर कणी टाकली. ती गळली नाही. "हे घे तीन मीटर."

खोटं बोलायलाही अक्कल लागते, आणि लेस्टरकडे ती बेताचीच. कसलं सूप आणि कसलं डिनर! मिल्टन गावातल्या आपल्या घरात, बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागे, तो बिअर करत होता. आई चर्चमध्ये मासला गेली की मोठ्या टोपात पाणी तापवायचं. जाळीच्या पिशवीत भरडलेली बार्ली घालून ती तासभर त्यात भिजवायची, मग पिशवी उचलून पिळायची. वास जावा म्हणून खिडक्या उघड्या टाकायच्या. भर जानेवारीत खिडक्या उघड्या टाकणारा माणूस मिल्टनमध्ये एकतर वेडा असतो नाहीतर चोर. गेल्या खेपेला विकतच्या पिशवीची शिवण ऐन वेळी उसवली. बार्ली टोपात सांडली, तोटी तुंबली, सगळं ओतून द्यावं लागलं. आणि वसईत तीस वर्षं नवऱ्या मुलींचे गाऊन शिवलेली बाई तर घरातच होती.

लपवायचं कारण फेलिक्स. लेस्टरचा बाप. तो दारूने गेला, एक्कावन्नाव्या वर्षी, पिवळा पडून. त्याच्या शवपेटीवर हात ठेवून एकोणीस वर्षांचा लेस्टर म्हणाला होता, "मम्मी, मी थेंबालाही हात लावणार नाही." त्या एका वाक्यावर युनिसने पुढची वीस वर्षं काढली. नातवाच्या बाप्तिस्म्याला तिने टोस्टला, ग्लास उंचावायला, कोकम सरबत ठेवलं. लोक हसले. हसू देत, म्हणाली, माझा लेस्टर पीत नाही.

"आता तू सांगतोस की मी सांगू?" लेस्टरच्या बायकोने, जॉर्जिनाने, त्या रात्री विचारलं.

"अगं, इट्स जस्ट अ हॉबी!"

हॉबी! आधी पिण्याला फक्त शनिवार होता. मग शुक्रवारही शनिवारात धरला गेला. आता मंगळवारीसुद्धा बेसमेंटचं दार आतून लागत होतं. जॉर्जिनाला रडू यायचं ते ह्याच दाराचं. पण सासूला सांगायचं म्हणजे तिच्या हातातली एकुलती एक गोष्ट काढून घ्यायची. तेवढं धाडस तिलाही होईना.

युनिसने किचनच्या टेबलावर मशीन मांडलं. टोपाचं माप घेतलं. "भिजल्यावर वजन केवढं होईल? दहा किलो?" तिनेच विचारलं आणि तिनेच मान हलवली. "मग दुहेरी शिवण घालते. आणि चार बंद. दोनच असले की पिशवी तिरकी होते, हात भाजतो."

"ग्रेट, मम्मी." लेस्टर मोबाईलवर यीस्ट मागवत होता.

"तळ गोल ठेवते. कोपऱ्यात दाणा अडकला की आंबतो."

भाजी चिरणाऱ्या जॉर्जिनाचा हात थांबला. तिने सासूकडे बघितलं. सासू सुईत दोरा ओवत होती. लेस्टरने मान वरसुद्धा केली नाही.

चार दिवसांनी, शुक्रवारी, तो कामावरून आला तेव्हा पिशवी इस्त्री करून टेबलावर ठेवलेली होती. टाके मुंगीच्या पावलांएवढे. बंद जाड, गळ्याला नाडी. अशी पिशवी कॅनडात कुठल्या दुकानात मिळाली नसती. लेस्टर खूश झाला. "मम्मी, तू जिनिअस आहेस!" म्हणत त्याने नाडी सैल केली आणि आत हात घातला. हात कोपरापर्यंत गेला आणि दुसरीकडून बाहेर आला.

"मम्मी, तळ राहिला की!"

"राहिला नाही. ठेवला."

युनिसने चष्मा काढला. तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर लेस्टरला बरं वाटलं असतं.

"तुझा डॅडी घरात द्राक्षाची दारू करायचा. ती गाळायला पिशवी लागायची. तोही मला चर्चच्या जेवणाचंच नाव सांगायचा. वास मला तेव्हाही यायचा. पण मी शिवून द्यायचे. म्हणायचे, जाऊ दे, घरात तरी पितोय."

लेस्टरचा हात अजून पिशवीतच होता.

युनिसने जाळीचा गोल कापलेला तुकडा त्याच्यापुढे ठेवला. वर दोरा ओवलेली सुई ठेवली.

"त्याच्या एकेका पिशवीचा तळ मी शिवला, लेस्टर. तुझा तू शिव."