काजळचा उजवा डोळा

"घट्ट धरा," डॉक्टर म्हणाले, आणि मोतद्दाराने काजळचं डोकं छातीशी आवळून धरलं.

घोडीचा उजवा डोळा सुजून बंद झाला होता. डॉक्टरांनी पापणी उचलून बॅटरीचा उजेड टाकला आणि बुबुळावरचा पांढरट ओरखडा दाखवला. वैरणीतली काडी घुसली असावी. जखम खोल होती. आत पू धरला तर डोळा वाचणार नव्हता.

मग त्यांनी डावा डोळा पाहिला. तो आरशासारखा स्वच्छ होता. खात्रीसाठी त्यांनी समोरून झपकन हात नेला. घोडीने पापणी मिटली. मोतद्दाराचा हात तिच्या मानेवर होता, त्याची बोटं काळजीने चुळबुळत होती.

"हा ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "काका, एवढे घाबरू नका. उजवा गेलाच, तरी एका डोळ्यावर घोडी सुखाने जगते. कामही करते."

"उजवा जाता कामा नये, डॉक्टरसाहेब."

"प्रयत्न करू."

"प्रयत्न नको. वाचवा."

घोडेस्वारीच्या शाळेच्या मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांना हसू आलं. "एका डोळ्याची झाली तरी मी ठेवणार आहे तिला, काका. तुम्ही पारखून आणलेली घोडी आहे. दहा घोड्यांतून हिच्यावर बोट ठेवलंत. तुमची पारख आजवर चुकलेली नाही."

मोतद्दाराने मान खाली घातली. कौतुक केलं की हा माणूस लाजतो, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

डॉक्टरांनी वरच्या पापणीतून एक बारीक नळी ओवली आणि तिचं दुसरं टोक आयाळीत गुंफून मानेपर्यंत आणलं. दर दोन तासांनी त्या टोकातून औषध सोडायचं. डोळा घासला जाऊ नये म्हणून उजव्या बाजूला चामड्याची झापड बांधली.

झापड चढली आणि काजळ पार बावचळली. ठाणातून बाहेर काढताना तिचा डावा खांदा चौकटीवर आपटला. अंगणात ती मोतद्दाराच्या खांद्याला नाक टेकवूनच चालायची. तो हातभर पुढे गेला की जागच्या जागी थिजायची.

"होतं असं," डॉक्टर म्हणाले. "चार दिवसांत मान वळवून बघायला शिकेल."

चार दिवस झाले, पण ती शिकली नाही. तशी ती आधीपासूनच खोडीची. शाळेतल्या बाकीच्या घोड्यांवर डावीकडून चढायचं, काजळवर मात्र उजवीकडून. हे मोतद्दाराने ती आली त्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, आणि सहा वर्षांत कुणी ते मोडायला गेलं नव्हतं.

त्याने आपली खाट ठाणासमोर आणून टाकली. गजराचं घड्याळ उशाशी. जेवणाचा डबा घेऊन बायको यायची आणि निम्मा तसाच परत न्यायची.

एकदा ठाण झाडताना तिने पाण्याची बादली वीतभर सरकवली. काजळ जुन्या जागी तोंड घालून हवा चाटत राहिली.

"कुणी सांगितलं होतं हलवायला?" मोतद्दार ओरडला. तीस वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदाच एवढा ओरडला होता.

"अहो, बादलीच आहे ती! नाकासमोर तर आहे." ती कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "मला टायफॉइड झाला होता तेव्हा घोरत होतात. आता घोडीसाठी गजर लावताय."

एरवी तो हसला असता. आज त्याने झाडू उचलून कोपऱ्यात ठेवला. "अगं, तुला एक सांगायचंय," तो म्हणाला.

"सांगा की."

त्याने कोपऱ्यातला झाडू पुन्हा हातात घेतला. "काही नाही. बादली होती तिथे ठेव."

सहाव्या दिवशी ओरखड्याच्या कडेला पिवळी झाक दिसली. डॉक्टरांनी औषध बदललं आणि मालकीणबाईंना बाजूला घेतलं. दोन दिवस वाट बघू, नाहीतर डोळा काढावा लागेल. बाई लगेच हो म्हणाल्या. डोळा काढला तरी महिन्याभरात काजळ रिंगणात फिरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मोतद्दार मात्र ऐकेना. "काढायचा नाही," एवढंच तो पुटपुटत होता. त्या दोन दिवसांत त्याने दोन तासांच्या जागी दर तासाला नळीत औषध सोडलं.

आठव्या दिवशी पिवळी झाक फिकी झाली. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी नळी ओढून काढली, झापड उतरवली आणि उजव्या डोळ्यासमोर झपकन हात नेला.

पापणी मिटली.

काजळने मान उचलली. अंगण पाहिलं, बादली पाहिली, मग मोतद्दाराकडे पाहिलं. तो पाय न वाजवता दोन पावलं सरकला, तर तिची नजर त्याच्यामागे गेली. तो सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. मालकीणबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बायकोने पदराने त्याचं नाक पुसलं.

"नशीबवान घोडी," डॉक्टर म्हणाले. दोन्ही डोळे उत्तम, असं त्यांनी कागदावर लिहिलं.

सगळे चहाला गेले. मोतद्दाराने दार लोटून घेतलं आणि तो वळसा घालून घोडीच्या डाव्या बाजूला आला. रोजचा सराव बारा दिवस राहून गेला होता. ती विसरली तर नाही ना, हे बघायला हवं होतं.

त्याने डाव्या डोळ्यासमोर झपकन हात नेला. डोळा आरशासारखा स्वच्छ, उघडाच राहिला.

मग त्याने दुसऱ्या हाताच्या बोटाने तिच्या मानेवर हळूच टिचकी मारली. काजळने पापणी मिटली.