डाळिंबाचा वाटा

डॉक्टर छातीचा एक्स-रे फोटो उजेडापुढे धरून निरखत होते आणि वळसंगहून आलेल्या संगप्पाला खुर्चीत बसवत नव्हतं. त्याचा हात सारखा खिशातल्या बिडीच्या बंडलाकडे जाई आणि रिकामाच परत येई. शेजारी त्याची बायको सुंदरम्मा तोंडाला पदर लावून खोकत होती.

"घरात बिडी कोण ओढतं?"

"मी. तीस वरसं झाली. पर डाक्टर, मी रोज एक डाळिंब खातो. आपल्याच बागंतलं, लालभडक! वर पेरू, आवळा. पोरीनं मोबाईलमदी वाचलंय, असलं खाल्लं की फुप्फुसाला कायबी होत न्हाय. एक दिस चुकवलं न्हाय बगा."

"डाळिंब चांगलंच, पण त्यानं बिडी माफ होत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि गाठ तुमच्या नाही, यांच्या फुप्फुसात दिसतेय. या काय खातात?"

संगप्पाने बायकोकडे पाहिलं.

"मालकांचं जेवण झालं की मी त्यांच्याच ताटात जेवते," सुंदरम्मा खाली बघत म्हणाली. "उरंल ते खाते की."

"आणि डाळिंब?"

"त्ये कुटं उरतंय? मी ताटावर बसले, की ह्ये जवळ बसून बिडी पेटवत्यात. धूर तेवढा उरतोय."