येते

"जाते गं आय," सिस्टर ल्युसिया म्हणाली, आणि कामतघरच्या त्या छोट्या हॉस्पिटलातल्या बायकांच्या वॉर्डात दोन-तीन माना एकदम वळल्या.

शेजारच्या खाटेवर सासूला पेज भरवणाऱ्या सालेहाचा चमचा हातातच राहिला. "अरे सिस्टर, जाते काय बोलता? येते बोला! आजारी माणसापुढे असं बोलतात काय?"

ल्युसियाने जीभ चावली. राहनाळच्या घरात या एका शब्दापायी तिने आयच्या किती चापट्या खाल्ल्या होत्या. उंबऱ्यातून 'जाते' म्हटलं की परत आत यायचं, घोटभर पाणी प्यायचं, नीट 'येते' म्हणायचं आणि मगच शाळेला निघायचं. परदेशाने ते सगळं धुऊन नेलं होतं.

आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलात ती मरणाच्या दारातल्या माणसांची सिस्टर होती. इंजेक्शन देणारी नव्हे, चर्चची. नुसतं शेजारी बसायचं, हात धरायचा, कोणाला प्रार्थना हवी असली तर प्रार्थना म्हणायची, नाहीतर गप्प राहायचं. हे इथल्या बायकांना पटवता पटवता तिच्या नाकी नऊ आले होते. सिस्टर म्हणजे नर्स, विषय संपला! "सिस्टर, सलाईन संपली," अशी हाक आली की ती निमूट उठून खऱ्या नर्सला बोलवायला जायची. खरं तर तिला ते आवडायचंच. तिकडे ड्युटीवरून खोलीवर परतलं की तिला हाक मारणारं कोणी नव्हतं.

त्या कामात तिने एक नेम घालून घेतला होता. जाणाऱ्या माणसाला उद्याचा वायदा करायचा नाही. एकदा एका म्हातारबांना ती 'उद्या येते' म्हणाली होती. सकाळी गेली तर खाटेवरची चादर बदललेली. शेवटपर्यंत ते दाराकडेच बघत होते, असं मागाहून कळलं. त्यानंतर तिने तसं कोणालाही सांगितलं नाही.

आयचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी काही आडपडदा ठेवला नव्हता. ल्युसियाची सुट्टी आज संपत होती आणि वाढवून मागितली तर मिळाली नव्हती. खाली गाडी उभी होती. धामणकर नाक्यावर अडकलो तर विमान चुकेल, म्हणून ड्रायव्हरचे फोनवर फोन येत होते.

आयचे डोळे मिटलेले होते, पण कान लेकीकडेच होते.

"बोल ना," ती पुटपुटली.

"आय, मला पुन्हा सुट्टी मिळायची म्हणजे..."

"सुट्टीचा कोन इचारतंय? नुसता बोलायचा हाय."

ल्युसियाने तोंड उघडलं. जेमतेम दोन अक्षरं, पण तोही एक वायदाच. परक्यांच्या देशात परक्यांच्या उशाशी बसून धीराचं बोलणारी ही बाई, स्वतःच्या आईपुढे लहान पोरीसारखी रडायला लागली.

"तुला खोटं कसं सांगू गं?"

आयने डोळे उघडले. ती रागावली नव्हती. तिने आपला हात लेकीच्या हातातून हळूच सोडवून घेतला, तिच्या ओल्या गालावर ठेवला.

"बरा," ती म्हणाली. "तुला जमत न्हाय, तर मीच बोलते." थोडा दम खाल्ला. "येते गं बाय."

सालेहाने ओढणी तोंडाला लावली आणि मान फिरवली.

खाली हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. येते म्हणणाऱ्याला घरात राहणाऱ्या माणसाने काय म्हणायचं असतं, ते मात्र ल्युसिया विसरली नव्हती.

"ये, आय," ती म्हणाली. आणि निघायचं तिला असूनही, उंबऱ्यात मागे राहिलेल्या माणसासारखी तशीच उभी राहिली.