मारुतीचा पंप

अंगणात किल्ली फिरली आणि मोटारसायकलच्या टाकीतून घूंऽ असा आवाज आला. स्वयंपाकघरात कणीक मळणाऱ्या धनश्रीने तो बरोबर ओळखला. पेट्रोलचा पंप चालू झाला होता.

तो कधी चालू होऊ नये म्हणून तिने काय कमी उपद्व्याप केले होते? तिचे बाबा चंपतराव पंचाहत्तरीचे. नजर इतकी गेलेली की परवा मीटर बघायला आलेल्या माणसाला भाचा समजून त्यांनी चहा पाजला. पण कबूल करतील तर शपथ! "चष्मा बदलला की झालं," एवढंच म्हणायचे. आणि डोक्यात एकच वेड, जुनी जर्मन मोटारसायकल पुन्हा चालू करायची. ती इंजेक्शनची गाडी, इंजिनात दाबाने पेट्रोल सोडणारा तिचा पंप जळालेला, आणि पंपाशिवाय धूड नुसतं.

स्वतः रोज बुलेटवर मौद्याला नोकरीला जाणारी धनश्री नागपुरात महालापासून हुडकेश्वरपर्यंतच्या प्रत्येक मेकॅनिकला गुपचूप भेटून आली. बाबा आले तर नाही म्हणा, एवढी विनवणी केली. बिचाऱ्यांनी ऐकलं. विक्की मेकॅनिकने तर मान खाली घालून सांगितलं, "काकाजी, हा पंप आता जगातच नाही." धनश्रीला वाटलं, सुटले.

मोटारसायकलवाले तिने बांधून टाकले, कारवाल्यांचं मात्र तिच्या डोक्यातही आलं नाही. चंपतराव ऑटोने कारच्या भंगारात गेले. बोटांनी चाचपून चाचपून त्यांनी एका मोडक्या मारुतीचा पंप पसंत केला. घरी आणून तो रबराच्या नळीने टाकीत बसवला. दाब जुळला. आता गाडीला पंप कारचा आहे की आणखी कशाचा, याच्याशी काय देणंघेणं?

इंजिन धडधडलं. धनश्री कणकेच्या हातांनी बाहेर धावली. चंपतराव हेल्मेट घालून सीटवर बसले होते. गाडी अजून स्टँडवर होती. गेट मात्र सताड उघडं, आणि बाहेरच्या रस्त्यावर टिप्परमागून टिप्पर. तिने हँडल घट्ट धरलं.

"बाबा, उतरा! समोरचं गेट तरी दिसून राहिलं का तुमाले? आई गेली, आता तुमाले काही झालं तं मी कोणाकडे पाहू?" तिला रडूच कोसळलं.

चंपतरावांनी हेल्मेटची काच वर केली.

"साऱ्या नागपूरच्या मेकॅनिकले सांगत फिरली तू," ते म्हणाले. "मलेच तेवढं विचारलं नाही."

"काय विचाराचं होतं?"

चंपतराव दोन्ही हातांनी सीट चाचपत हळूहळू मागे सरकले आणि पुढची जागा रिकामी केली.

"चालवणार कोण, ते. मले दिसते कुठं वं आता? बस समोर."